तराजूचा पासंग आणि अतिवाहकांचे गुरुत्वाकर्षण

१९९२ साली ‘फिझिका सी’ या अतिवाहकतेला वाहिलेल्या शोधपत्रिकेत चार पानांचा एक निबंध प्रसिद्ध झाला. फिनलंडमधील टाम्पेरे तंत्रज्ञान विद्यापीठात काम करणारे रशियन पदार्थवैज्ञानिक यूजीन पॉडक्लेट्नोव्ह आणि त्यांचे सहकारी नीमिनेन हे त्याचे लेखक होते. सिलिकॉन डायऑक्साइडचा ५.४८ ग्रॅमचा एक तुकडा अतिशय थंड केलेल्या आणि चुंबकीय क्षेत्रात तरंगणाऱ्या एका सिरॅमिक तबकडीच्या वर टांगला, तर त्याचे वजन ०.०५ टक्क्यांनी कमी भरते आणि तबकडी फिरवली की ही घट ०.३ टक्क्यांपर्यंत जाते, असे त्यांनी नोंदवले होते. तबकडीचा व्यास १४.५ सेंटिमीटर आणि जाडी ६ मिलिमीटर होती. या घटीचे संभाव्य कारण निबंधाच्या शीर्षकातच सुचवलेले होते : पडदा जसा उजेड अडवतो, तशी ही तबकडी पृथ्वीचे गुरुत्वाकर्षण थोडेसे अडवत असावी.

‘तुकड्याचे वजन कमी भरले’ हे निरीक्षण आहे आणि ‘तुकड्यावरचे गुरुत्वाकर्षण कमी झाले’ हा त्या निरीक्षणाचा लावलेला एक अर्थ आहे. या विषयावर गेल्या तीस वर्षांत जे लिहिले-बोलले गेले, त्यातला बराचसा गोंधळ ही दोन वाक्ये एकच मानल्यामुळे झाला, असे माझे मत आहे. जुन्या तराजूवर माल तोलणाऱ्या दुकानदाराला हा फरक शिकवावा लागत नसे. तो आधी दोन्ही पारडी रिकामी ठेवून काटा मध्यावर येतो का ते पाही, आणि येत नसला तर हलक्या बाजूला पासंग बांधी. तराजूच्या या मुळातल्या झुकावालाही पासंगच म्हणतात, आणि प्रयोगशाळेतील तराजूलाही तो असतो. मात्र तेथे काटा कशामुळे झुकला आहे हे सहजासहजी दिसत नाही, आणि ते शोधून काढण्यात कधीकधी वर्षे जातात.

या दाव्यातील तबकडी ज्या पदार्थाची होती, तो आधी समजून घेऊ. तांब्याच्या तारेतून वीज वाहते तेव्हा इलेक्ट्रॉन अणूंच्या थरथरत्या जाळीला धडकत पुढे जातात, त्यांची काही ऊर्जा उष्णतेत जाते आणि तार तापते. या अडथळ्याला रोध म्हणतात. १९११ साली नेदरलँड्समधील लायडन येथे कामरलिंग ओनेस यांना असे आढळले की, पारा ४.२ केल्विनपर्यंत, म्हणजे उणे २६९ अंश सेल्सिअसपर्यंत थंड केला की त्याचा रोध एकाएकी नाहीसा होतो. अशा पदार्थाला अतिवाहक किंवा सुपरकंडक्टर म्हणतात. त्याच्यातील इलेक्ट्रॉन जोड्या करतात आणि या सगळ्या जोड्या मिळून एकाच लयीत वाहतात, त्यामुळे जाळीचे लहानसहान धक्के त्यांना विस्कळीत करू शकत नाहीत. पुढे १९८६ साली बेडनॉर्झ आणि म्युलर यांनी सिरॅमिक प्रकारचे अतिवाहक शोधले, आणि १९८७ मध्ये यिट्रियम, बेरियम, तांबे आणि ऑक्सिजन यांचे असे संयुग हाती आले की ज्याला सुमारे ९२ केल्विनपर्यंतच थंड करणे पुरे होते. द्रवरूप नायट्रोजन ७७ केल्विनला उकळतो आणि तुलनेने स्वस्त मिळतो, त्यामुळे अतिवाहक हाताळणे अनेक प्रयोगशाळांच्या आवाक्यात आले. पॉडक्लेट्नोव्ह यांची तबकडी याच संयुगाची होती.

अतिवाहकाचा दुसरा गुणधर्म १९३३ साली माइस्नर आणि ओक्सेनफेल्ड यांनी दाखवला : तो आपल्या आतले चुंबकीय क्षेत्र बाहेर ढकलतो. काळसर वडीवर धुके पसरलेले आहे आणि तिच्यावर एक छोटा चुंबक अधांतरी तरंगत आहे, हे दृश्य विज्ञान प्रदर्शनात अनेकांनी पाहिले असेल, आणि ते पाहून ‘येथे गुरुत्वाकर्षण नाहीसे झाले’ असे वाटणेही स्वाभाविक आहे. खरे-खोटे करण्याचा उपाय मात्र अगदी सोपा आहे. वडी, नायट्रोजनचे भांडे आणि चुंबक हा सगळा संच काट्यावर ठेवावा. चुंबक वडीवर टेकलेला असो वा तरंगत असो, उकळून उडून जाणाऱ्या नायट्रोजनचा हिशेब धरला तर काटा तेवढेच वजन दाखवतो. चुंबकाला पृथ्वी पूर्वीइतक्याच जोराने खाली ओढत असते. चुंबकीय बल त्याला तेवढ्याच जोराने वर उचलून धरते, आणि त्या उचलण्याचा भार वडीमार्गे काट्यावर येतो. टेबलावर ठेवलेले पुस्तक पडत नाही म्हणून टेबलाने गुरुत्वाकर्षण नष्ट केले असे आपण म्हणत नाही, तसेच हे आहे. पॉडक्लेट्नोव्ह यांचा दावा याहून वेगळा आणि पुष्कळ मोठा होता, कारण त्यांच्या तुकड्यात लोह नव्हते, तो चुंबकाने ओढला जाणारा नव्हता आणि तबकडीशी त्याचा स्पर्शही नव्हता.

हा दावा मोठा का म्हणायचा? विद्युत क्षेत्र अडवता येते, कारण विजेचे प्रभार धन आणि ऋण अशा दोन प्रकारचे असतात. धातूच्या पेटीत ते सरकून आपली मांडणी अशी करतात की आतले क्षेत्र शून्य होते. गुरुत्वाकर्षणात मात्र वस्तुमान एकाच प्रकारचे असते आणि ते नेहमी ओढतेच, त्यामुळे ओढीला खोडून काढेल असे काही मध्ये आणून ठेवण्याची सोय निसर्गात दिसत नाही. शिवाय हे बल विलक्षण दुबळे आहे. दोन इलेक्ट्रॉनांमधील विद्युत प्रतिकर्षण त्यांच्यातील गुरुत्वाकर्षणापेक्षा सुमारे ४ वर ४२ शून्ये इतक्या पटींनी मोठे असते. तबकडीतील इलेक्ट्रॉन कितीही शिस्तीने वाहिले, तरी खाली असलेल्या पृथ्वीच्या ६ वर २४ शून्ये एवढ्या किलोग्रॅम वस्तुमानाच्या ओढीत त्यांनी शेकड्याच्या हिशेबात फरक पाडावा, ही गोष्ट आजच्या सिद्धांतात बसत नाही.

ऊर्जेच्या बाजूनेही हीच अडचण येते. असे समजा की एक उभे चाक आसावर बसवले आहे, त्याचा डावा अर्धा भाग अशा तबकडीच्या वर आहे आणि उजवा अर्धा भाग तिच्या बाहेर आहे. डावी बाजू कायम हलकी राहील, उजवी बाजू सतत खाली येत राहील, आणि चाक आपोआप फिरत राहून फुकटात वीज देऊ लागेल. ती ऊर्जा तबकडी फिरवणाऱ्या विजेतून येते, असे यावर कोणी म्हणू शकेल आणि हा आक्षेप रास्त आहे. पण मग वरच्या चाकावर जितका भार टाकावा तितकी तबकडी फिरवायला अधिक वीज लागली पाहिजे, आणि हा संबंध मोजून दाखवणे हा दाव्याचाच भाग असायला हवा होता.

पुढे दाव्याचा आकडा वाढला. बाहेरील व्यास २७.५ सेंटिमीटर असलेली कड्याच्या आकाराची तबकडी मिनिटाला ५,००० फेऱ्यांनी फिरवून वजनात २ टक्क्यांच्या आसपास घट मिळाली, असा निबंध ब्रिटनमधील एका भौतिकशास्त्राच्या नियतकालिकाने १९९६ साली स्वीकारला होता. तो छापून येण्याआधीच सप्टेंबरमध्ये एका ब्रिटिश रविवारच्या वृत्तपत्रात त्याची बातमी झाली आणि गदारोळ उडाला. विद्यापीठाने हात झटकले, सहलेखक म्हणून ज्यांचे नाव होते त्यांनी आपला संबंध नाकारला आणि निबंध मागे घेण्यात आला. पॉडक्लेट्नोव्ह यांनी तो १९९७ मध्ये एकट्याच्या नावाने पूर्वप्रत म्हणून, म्हणजे शोधपत्रिकेच्या परीक्षणाविना, प्रसिद्ध केला. विद्यापीठाची नाराजी किंवा मागे घेतलेला निबंध यांवरून दावा खोटा ठरत नाही, हे येथे स्पष्टपणे म्हटले पाहिजे. ज्यांना हा दावा खरा वाटतो ते याच प्रसंगाकडे बोट दाखवून ‘सत्य दडपले गेले’ असे म्हणतात, आणि ज्यांना तो खोटा वाटतो त्यांपैकी काही जण हाच प्रसंग पुरावा म्हणून पुढे करतात. दोघेही तराजूकडे पाहायचे विसरतात.

सहकाऱ्याच्या पाइपचा धूर तबकडीच्या वर आल्यावर सरळ वर चढू लागला आणि त्यामुळे हा परिणाम प्रथम लक्षात आला, अशी एक हकिकत या प्रयोगाविषयी सांगितली जाते. ती खरी मानली तरी तिचा अर्थ काय होतो ते पाहावे. तबकडीच्या वरचा सगळा हवेचा स्तंभ २ टक्क्यांनी हलका झाला, तर जमिनीलगतच्या सुमारे १,०१३ हेक्टोपास्कल दाबातून २० हेक्टोपास्कल कमी होतील. तीव्र चक्रीवादळाच्या केंद्रातील दाबाची घट साधारण या घरातली असते. म्हणजे एका टेबलावर छोट्या वादळाएवढा दाबाचा फरक निर्माण झाला असता, चारही बाजूंनी हवा आत घुसली असती आणि तबकडीच्या वर जोराचा झोत सतत वर गेला असता. त्या झोताला पाहण्यासाठी धुराच्या बारीक रेघेची गरज पडली नसती.

आता १९९२ च्या आकड्याचा हिशेब मांडू, कारण तो कागद-पेन्सिलीने करता येतो आणि मला तो या सगळ्या प्रकरणातला सर्वांत बोधक भाग वाटतो. ५.४८ ग्रॅमचे ०.०५ टक्के म्हणजे २.७ मिलिग्रॅम. एवढीच वजनातील घट स्थिर तबकडीवर मिळाली होती. सिलिकॉन डायऑक्साइडची घनता काचेच्या रूपात पाण्याच्या २.२ पट असते, म्हणून त्या तुकड्याचे आकारमान सुमारे २.५ घनसेंटिमीटर धरता येईल. एवढ्या जागेतील नेहमीच्या तापमानाच्या हवेचे वजन सुमारे ३ मिलिग्रॅम असते. आर्किमिडीजच्या तत्त्वानुसार पाण्यात बुडवलेली वस्तू जशी हलकी भासते, तशी हवेत टांगलेली वस्तूही बाजूला सारलेल्या हवेच्या वजनाइतकी हलकी भासते. हवा विरळ असल्याने रोजच्या व्यवहारात आपण हे प्लावक बल सोडून देतो, पण येथे तर ते शोधाच्या आकड्याएवढेच आहे. हवा उणे १२० अंश सेल्सिअसपर्यंत थंड झाली तर तिची घनता जवळजवळ दुप्पट होते, आणि तुकडा आणखी सुमारे २.८ मिलिग्रॅमने हलका भासू लागतो. अतिवाहक तबकडीला थंड ठेवणारे पात्र तुकड्याच्या अगदी जवळ असताना भोवतालची हवा किंवा वायू किती थंड होता, हे काटेकोर मोजल्याशिवाय २.७ मिलिग्रॅमवरून गुरुत्वाकर्षणाविषयी काहीही म्हणता येत नाही.

दि पोडेस्टा आणि बुल यांनी १९९५ मध्ये त्याच शोधपत्रिकेत प्लावक बलाची ही शंका उपस्थित केली. हवेच्या झोतांपासून तुकड्याचा बचाव केला होता, असे पॉडक्लेट्नोव्ह यांचे म्हणणे होते. पण झोत अडवणे आणि हवेची घनता स्थिर ठेवणे या वेगळ्या गोष्टी आहेत. फिरत्या तबकडीच्या वेळची ०.३ टक्के घट, म्हणजे १६ मिलिग्रॅम, केवळ थंड हवेने समजावता येत नाही, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवे. मात्र तबकडी फिरवण्यासाठी तेथे प्रत्यावर्ती चुंबकीय क्षेत्रे चालू होती, कंपने होती, थंड वायूचे अभिसरण होते, आणि संवेदनशील तराजू या प्रत्येकाला प्रतिसाद देतो. असा पासंग काढून टाकण्याचा एक ठरलेला मार्ग असतो : तुकडा निर्वात, बंद कुपीत ठेवायचा, त्याच आकारमानाचे पण वेगळ्या घनतेचे तुकडे तोलून पाहायचे, आणि तबकडी अतिवाहक नसेल अशा तापमानाला बाकी सगळे तसेच ठेवून प्रयोग पुन्हा करायचा.

टाम्पेरेच्या आधीच अमेरिकेत हंट्सव्हिल येथील अलाबामा विद्यापीठात निंग ली आणि डग्लस टॉर यांनी १९९१ पासून एक सैद्धांतिक कल्पना मांडली होती. व्यापक सापेक्षता सिद्धांतानुसार, वाहत्या प्रभाराभोवती जसे चुंबकीय क्षेत्र तयार होते, तसे हलत्या वस्तुमानाभोवती एक अतिशय क्षीण ‘गुरुत्व-चुंबकीय’ क्षेत्र तयार होते. अतिवाहकात हे क्षेत्र प्रचंड वाढू शकेल, असे त्यांचे गणित सांगत होते. त्या गणितावर इतर भौतिकशास्त्रज्ञांनी गंभीर आक्षेप घेतले. तरीही नासाच्या हंट्सव्हिलमधील मार्शल केंद्राने हा विषय उडवून न लावता तपासला, हे मला महत्त्वाचे वाटते. १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत निंग ली स्वतः सहलेखिका होत्या. न फिरणाऱ्या अतिवाहक तबकडीवर गुरुत्वीय त्वरणात, म्हणजे पडत्या वस्तूचा वेग ज्या दराने वाढतो त्या दरात, फरक पडलाच, तर तो १० कोटी भागांत २ भागांपेक्षा कमी आहे, असा त्या चाचणीचा निष्कर्ष निघाला. पॉडक्लेट्नोव्ह यांनी स्थिर तबकडीसाठी दिलेला आकडा याच्या २५,००० पट आहे.

‘पण तबकडी फिरवली कुठे?’ हा प्रश्न उरत होता. दोन थरांची मोठी तबकडी तडा न जाता भाजून काढणे, ती तरंगत ठेवणे, वेगाने फिरवणे आणि त्याच वेळी तिला उच्च वारंवारतेचे क्षेत्र देणे हे खरोखरच कष्टाचे काम आहे, आणि अनेक प्रयत्न या तांत्रिक पायरीवरच अडकले. कॅनडातील हॅथवे, क्लीव्हलँड आणि बाओ यांनी अनेक वर्षे खपून फिरती तबकडी आणि उच्च वारंवारतेची क्षेत्रे एकत्र आणली, आणि २००३ मध्ये ‘फिझिका सी’मध्येच आपले निकाल दिले. मूळ प्रयोगाच्या सुमारे ५० पट अधिक बारकाईने तोलूनही त्यांना वजनात काही फरक आढळला नाही. तबकडी तंतोतंत मूळ पद्धतीने बनवलेली नव्हती, हा बचाव त्यानंतरही करण्यात आला. तो एकदा ऐकून घ्यावा असा आहे. पण जो परिणाम फक्त एकाच माणसाच्या हातून घडतो आणि ज्याची कृती इतरांना पूर्णपणे सांगता येत नाही, त्याला प्रयोगसिद्ध म्हणता येत नाही.

यानंतरचे मार्टिन टाइमार यांचे प्रकरण अधिक वाचनीय आहे, कारण त्यात दावा करणाऱ्यानेच आपला पासंग शोधून काढला. १९८९-९० च्या सुमारास स्टॅनफर्ड विद्यापीठात जॅनेट टेट आणि सहकाऱ्यांनी फिरत्या नायोबियमच्या कड्याच्या साहाय्याने इलेक्ट्रॉनांच्या जोडीचे वस्तुमान मोजले होते, आणि ते अपेक्षेपेक्षा १० लाखांत सुमारे ९० भागांनी जास्त भरले होते. ही तफावत एखाद्या मोठ्या गुरुत्व-चुंबकीय क्षेत्रामुळे असू शकेल, असा तर्क ऑस्ट्रियातील टाइमार आणि युरोपीय अंतराळ संस्थेतील दि मातोस यांनी केला. टाइमार यांनी १५ सेंटिमीटर व्यासाचे नायोबियमचे कडे द्रवरूप हेलियमने थंड करून मिनिटाला ६,५०० फेऱ्यांपर्यंत फिरवले. कड्याचा वेग बदलताना जवळच्या त्वरणमापकांनी पृथ्वीच्या गुरुत्वीय त्वरणाच्या १०,००० व्या भागाएवढा संकेत दाखवला. मार्च २००६ मध्ये जाहीर झालेला हा आकडा व्यापक सापेक्षतेच्या अपेक्षेपेक्षा १ वर २० शून्ये इतक्या पटींनी मोठा होता.

न्यूझीलंडमधील कँटरबरी विद्यापीठाच्या गटाकडे पृथ्वीचे परिवलन मोजणारे अवाढव्य लेसर-वलय एका भूमिगत गुहेत होते. त्याच्याजवळ त्यांनी शिशाची अतिवाहक तबकडी फिरवून पाहिली, आणि परिणाम असलाच तर तो टाइमार यांच्या आकड्याहून किमान २० पटींनी लहान असला पाहिजे असे दाखवले. टाइमार यांनी आपल्या उपकरणाची मांडणी पुन्हा पुन्हा बदलली, वेगळे जायरोस्कोप, म्हणजे वळण मोजणारी उपकरणे, लावले, आणि २०११ पर्यंत त्यांच्या स्वतःच्याच सुधारलेल्या प्रयोगात तो संकेत उरला नाही. आधीचा संकेत यांत्रिक कंपनांमुळे आला असावा, हे त्यांनी स्वीकारून प्रसिद्ध केले. उपकरण जसजसे सुधारते तसतसा खरा परिणाम अधिक ठळक होतो आणि पासंगामुळे आलेला परिणाम लहान होत जातो. टाम्पेरेपासून व्हिएन्नाजवळच्या या प्रयोगशाळेपर्यंत सगळे आकडे दुसऱ्याच दिशेने गेले आहेत.

हलत्या वस्तुमानामुळे भोवतालचे अवकाश किंचित ओढले जाते, ही कल्पना स्वतः मात्र खरी आहे आणि ती मोजण्यात अतिवाहकांनीच साथ दिली आहे. २० एप्रिल २००४ रोजी सोडलेल्या ‘ग्रॅव्हिटी प्रोब बी’ या उपग्रहात ३८ मिलिमीटर व्यासाचे क्वार्ट्झचे चार जवळजवळ परिपूर्ण गोल होते आणि त्यांच्यावर नायोबियमचा मुलामा होता. फिरणारा अतिवाहक आपल्या अक्षाच्या दिशेने एक लहानसे चुंबकीय क्षेत्र तयार करतो. ते वाचून गोलाचा अक्ष कोणत्या दिशेला कलतो आहे हे समजत होते. पृथ्वीच्या परिवलनामुळे हा अक्ष वर्षाला ३९.२ मिलिआर्कसेकंद सरकावा असे सिद्धांत सांगत होता. एक मिलिआर्कसेकंद म्हणजे अंशाचा ३६ लाखावा भाग. २०११ मध्ये जाहीर झालेले मापन ३७.२ आले आणि त्यातील अनिश्चितता ७.२ होती. एवढा एक आकडा हाती येण्याआधी गोलांच्या पृष्ठभागावरील विद्युतभाराच्या सूक्ष्म ठिपक्यांमुळे पडणारा फरक वजा करण्यात शास्त्रज्ञांची अनेक वर्षे गेली.

अतिवाहकाचा उपयोग करणारा गुरुत्वमापकही आज जगात अनेक ठिकाणी चालू आहे. त्यात नायोबियमचा सुमारे अडीच सेंटिमीटरचा पोकळ गोल चुंबकीय क्षेत्रावर तरंगत ठेवलेला असतो. ते क्षेत्र निर्माण करणारा प्रवाह अतिवाहक वेटोळ्यात न घटता वाहत राहतो, त्यामुळे साध्या स्प्रिंगप्रमाणे हा आधार काळानुसार सैल पडत नाही. गुरुत्वीय त्वरणातील एक लाख कोटीव्या भागाएवढा बदलही असे उपकरण टिपू शकते. भारतात उत्तराखंडातील घुत्तू येथे वाडिया हिमालय भूविज्ञान संस्थेच्या वेधशाळेत असा गुरुत्वमापक २००७ च्या सुमारास बसवण्यात आला. भूकंपापूर्वी जमिनीत होणाऱ्या बदलांचा शोध घेणे हा त्याचा हेतू आहे. चंद्र-सूर्याच्या ओढीने जमिनीला येणारी भरती, हवेच्या दाबातील चढउतार आणि पावसाळ्यात डोंगराच्या पोटात साठणारे पाणी हे सगळे त्याच्या नोंदीत उतरते, आणि भूकंपाचा संकेत शोधण्याआधी यांपैकी प्रत्येकाचा वाटा मोजून वजा करावा लागतो.